एका पिंजऱ्यात एक

प्रणालीनं बापाला उमरेडहून नागपूरला आणलं, तेव्हा विचारणाऱ्या प्रत्येकाला एकच कारण सांगितलं: इलाज. कारण खोटं नव्हतं. नत्थूजींनी जन्मभर माग चालवला होता आणि आता सांधेवातानं त्यांची बोटं हळकुंडांसारखी फुगली होती. पण इलाजाच्या आडून तिचा स्वतःचाही एक लोभ होता. आई गेलेली, लग्नाचं दोनदा जमता जमता फिसकटलेलं, पीएच.डी. मारुतीच्या शेपटासारखी लांबत चाललेली. संध्याकाळी मानेवाड्याच्या त्या तिसऱ्या मजल्यावर परत यावं तर आत कुणीतरी असावं, एवढंच तिला पाहिजे होतं. बाप बरा व्हावा आणि बरा होऊनही इथंच राहावा, असं तिनं मनाशी धरलं होतं.

काळजीत तिनं कसूर ठेवली नाही. गोळ्या वेळच्या वेळी, हातांना पूर्ण आराम, आणि तिखट बंद. कोष्ट्याचं तिखट बंद करणं म्हणजे काय, ते कोष्ट्यालाच विचारावं. उमरेडच्या गल्लीतला गोविंदा, नत्थूजींचा शेजारच्या मागावरचा सोबती, भेटायला येतो म्हणाला, तर तिनं त्याला फोनवरूनच परतवलं. या गोळ्यांनी प्रतिकारशक्ती कमी होते काका, माणसं खोकत-शिंकत येतात, बाबांना काही झालं म्हणजे? शिकलेल्या पोरीपुढे गोविंदा काय बोलणार. तो आला नाही, आणि मग दुसरंही कुणी आलं नाही. एवढं करून सूज मात्र हटेना. डॉक्टरांनी गोळ्या वाढवल्या, सुजेनं त्यांनाही जुमानलं नाही.

गंमत अशी की प्रणालीचं सगळं शिक्षणच सुजेवर चाललं होतं. ज्या रसायनांच्या हाती मेंदू आपले निरोप धाडतो, ती डोक्यातच बसून राहत नाहीत. नसांच्या टोकांतून, रक्तातून ती अंगभर हिंडतात, आणि सुजलेल्या जागी गोळा झालेल्या पांढऱ्या पेशींनाही त्यांचं म्हणणं ऐकू येतं. डोपामाइनचा निरोप आला की त्यांतल्या काही पेशी नमतं घेतात. काळजीच्या, भीतीच्या वेळी सुटणारं नॉरएड्रेनलिन मात्र लहरी. कधी ते आग विझवतं, तर फार दिवस पाझरत राहिलं की त्याच आगीत तेल ओततं. डोपामाइनची नक्कल करणारं एक औषध प्रणाली उंदरांच्या सुजलेल्या सांध्यांवर तपासत होती. पहिल्या खेपेला ते छान लागू पडलं. दुसऱ्या खेपेचे आकडे हाती आले आणि तिचं तोंड उतरलं. औषध दिलेल्यांची सूज म्हणावी तशी उतरली नव्हती. त्याहून चमत्कारिक म्हणजे, ज्यांना औषधच दिलं नव्हतं, त्यांचे पाय पहिल्या खेपेपेक्षा जास्त टरारून फुगले होते.

गिरिधर सर तिचे गाईड. बोलायला फटकळ माणूस, पण नजर घारीची. त्यांनी आकडे वाचले, चष्मा काढला आणि विचारलं, "या वेळी पिंजऱ्यात किती ठेवले होते?"

एकेक, ती म्हणाली, आणि विचारल्याशिवाय कारणही सांगून मोकळी झाली. पहिल्या खेपेसारखे चौघं एकत्र असले की एकमेकांच्या अंगावर चढतात, दुखऱ्या पायावर दुसऱ्याचा पाय पडतो, ते तिला बघवत नव्हतं. रिकामे पिंजरे मिळाले, तशी तिनं प्रत्येकाची वेगळी सोय लावली होती. दाणापाणी, साफसफाई, सगळं चोख.

सर फटकळपणा विसरले असावेत, कारण ते हळू बोलले. "सोय केलीस खरी, पण एकटं पाडलंस त्यांना. उंदीर कळपातलं जनावर आहे. एकटा ठेवला की त्याचं शरीर कायम पहाऱ्यावर बसतं, आणि पांढऱ्या पेशी ते ऐकत असतात. आता औषधानं काय केलं आणि एकटेपणानं काय केलं, हे तू वेगळं कसं काढशील?"

खेप वाया गेली. पुन्हा पहिल्यापासून सगळं करायचं, म्हणजे आणखी वर्ष गेलं. त्याचं वाईट वाटलंच, पण घराकडे स्कूटी वळवली तेव्हा तिच्या डोक्यात उंदीर नव्हतेच. चौकातला सिग्नल हिरवा झाला तरी ती उभीच राहिली, आणि मागचे लोक हॉर्न वाजवून तिचा उद्धार करत पुढे गेले.

नत्थूजी खिडकीजवळच्या खुर्चीत बसले होते. रोज तिथंच असत, आणि रोज तिला वाटे की बाप आरामात आहे. दिवसा खाली उतरत जाता का थोडं, असं तिनं आज पहिल्यांदाच विचारलं.

"कसा उतरू वं?"

ते उठून दाराशी गेले आणि लॅचच्या गोल मुठीवर त्यांनी हात ठेवला. बोटं वळेनात. दोन्ही तळवे लावून पाहिले, पण मूठ गुळगुळीत, ती जागची हलली नाही. म्हणजे सकाळी ती दार ओढून निघाली की संध्याकाळी ती परत येईपर्यंत हा माणूस आतच. इतके महिने, आणि एका शब्दानं बोलला नव्हता.

"मले काहून नाही सांगितलं, बाबा?"

"सांगून काय केलं असतं तुनं? काम सोडून घरी बसली असती."

प्रणाली तिथंच दाराशी बसली आणि रडली. उमरेडला हा माणूस उजाडल्यापासून गल्लीत असायचा. ताणा, म्हणजे मागाचे उभे धागे, गल्लीभर ताणून त्याला खळ लावायची, हे काही एकट्यादुकट्याचं काम नव्हे, त्याला आजूबाजूची घरं लागतात. हात चालेनासे झाल्यावरही नत्थूजी एका टोकाला स्टुलावर बसून तुटलेला धागा दाखवत, चुकणाऱ्याच्या सात पिढ्या काढत आणि गोविंदाशी भांडत चहा पीत. ते सगळं तिनं काढून घेतलं होतं आणि त्याला आराम असं नाव दिलं होतं.

दुसऱ्या दिवशी तिनं डॉक्टरांना गाठलं. गोळ्या उमरेडला राहूनही घेता येतील, मधून मधून रक्त तपासायला आणत जा, ते म्हणाले. एकटेपणानं सूज वाढली असेल का, यावर मात्र असेल, नसेल, एवढंच उत्तर मिळालं. एका माणसावरून असं काही सांगता येत नाही. ते तर तिलाही ठाऊक होतं. दोन वेळचं जेवण गोविंदाची सून आनंदानं द्यायला तयार होती. आता आडकाठी उरली ती फक्त प्रणालीच्या लोभाची.

रविवारी तिनं त्यांना एसटीत बसवलं. नत्थूजींच्या चेहऱ्यावर घरी चालल्याचा आनंद काही दिसेना. ती खिडकीखाली उभी होती, तेव्हा ते वाकून म्हणाले, "मी काही दवाईसाठी नव्हतो राहिलो वं इथं. तू एकटीच जेवतं, म्हणून राहिलो होतो. तू म्हण, मी उतरतो."

एक शब्द पुरे होता, आणि तो तिच्या ओठांवर आलाही. बाप खरंच उतरला असता, पुन्हा त्या खुर्चीत जाऊन बसला असता आणि कधी तक्रार केली नसती. म्हणूनच तिनं तो गिळला.

"मी एकटी कुठं आहो, बाबा? कॉलेजातली एक पोरगी राहाले येऊन राहिली माह्याकडं. वैदेही नाव आहे तिचं."

गाडी सुटली. त्या संध्याकाळी घर तिला खायला उठलं. तिनं सगळ्या खोल्यांतले दिवे लावले, टीव्ही लावला, आणि तरी वाढलेलं ताट तसंच झाकून ठेवलं.

नत्थूजींचे फोन येऊ लागले. मागे गल्लीचा गलका इतका, की अर्धं ऐकू येत नसे. सूज हळूहळू उतरत होती. वाढवलेल्या गोळ्यांचा गुण असेल, नाहीतर माणसांचा. प्रणालीनं ते वेगळं काढायचा प्रयत्न केला नाही. प्रत्येक फोनवर ते वैदेहीची चौकशी करत, आणि प्रणाली थापा मारत सुटे. वैदेही पारशिवनीची, भेंडीला हात लावत नाही, झोपेत बोलते. खोटं बोलायला बरंही वाटायचं. तेवढा वेळ घरात कुणीतरी असल्यासारखं व्हायचं.

एक दिवस ते म्हणाले की आज मूठ वळली, स्वतःच्या हातानं चहाचा गिलास धरला. प्रणालीला इतका आनंद झाला की तिनं ते त्यांच्याकडून पुन्हा एकदा वदवून घेतलं. मग त्यांनी नेहमीसारखं विचारलं, "वैदेही काय करून राहिली?"

"जेवून राहिली, बाबा."

फोनमागचा गल्लीचा गलका कमी झाला, नत्थूजी बाजूला गेले असावेत.

"तिले सांगजो," नत्थूजी म्हणाले, "एकटी असली तरी पोटभर जेवत जाय म्हणा."

"सांगतो, बाबा," प्रणाली म्हणाली, आणि तिनं ताट वाढून घेतलं.