आज बँड वाजणार नाही

अरीबानं सप्टेंबरचं कंटेंट कॅलेंडर चौथ्यांदा खोडलं, तेव्हा अब्बा समोर बसून क्लॅरिनेट पुसत होते, आणि आपलं काही चुकत असावं असा संशयसुद्धा त्यांच्या चेहऱ्यावर नव्हता.

अकोल्याच्या जुन्या शहरात अब्बांचा, म्हणजे कुर्बानभाईंचा, न्यू दिलबहार ब्रास बँड. बोंडअळीनं कपाशी खाल्ली, त्याच्या दुसऱ्या सालची ही गोष्ट. खेड्यातली लग्नं एक तर पुढं ढकलली जात होती, नाहीतर देवळात उरकली जात होती. ज्यांच्या खिशात थोडंफार होतं त्यांना डीजे हवा होता. अरीबाचा थोरला भाऊ मुजम्मिल म्हणे, हे पितळ विकू आणि डीजे घेऊ. अरीबा अमरावतीहून डिजिटल मार्केटिंगचा कोर्स करून आली होती. तिनं छातीठोकपणे सांगितलं की बँडचं पेज चालवून तुळशीच्या लग्नापर्यंत हंगामाच्या सुपाऱ्या आणून दाखवते. मुजम्मिलनं मुदत दिली. नाहीच आल्या तर भोंगे, ढोल, अब्बांच्या हातातलं क्लॅरिनेट, सगळा सरंजाम विकायचा.

कोर्समध्ये शिकवलं होतं की रिकामा चौकोन म्हणजे गेलेलं गिऱ्हाईक. म्हणून अरीबानं महिन्याचा एकही चौकोन रिकामा ठेवला नव्हता. सोमवारी घोडीच्या नाचाचं रील, बुधवारी वर्दीला इस्त्री, शुक्रवारी जुन्या वराती. अब्बांनी यादी शांतपणे ऐकून घेतली आणि सोमवार कापला. पातूरकडचे खुशालराव वारले होते. त्यांच्या घरच्या तीन पिढ्यांची लग्नं दिलबहारनं वाजवली होती. तेरावा होईस्तोवर नाच नाही.

अरीबानं समजावलं, की बँड तिकडे जातच नाहीये, रील फक्त मोबाइलवर दिसणार आहे. घरात ही मंडळी उर्दू बोलत, पण भांडायला त्यांना वऱ्हाडीच बरी पडे. तिच्यात अदब राखायची सक्ती नाही.

"मयतीच्या घरासमोरून वरात चालली तं आपण वाजवतो का?" अब्बांनी विचारलं.

"नाही."

"अन् मोबाइल कुठी हाय त्यायचा? घरातच ना? मंग वरात त्यायच्या घरासमोरूनच चालली."

अरीबानं कोर्सच्या नोट्स मिटल्या आणि सोमवार खोडला. खुशालरावांचा तेरावा झाला तोवर मूर्तिजापूरकडच्या एका गावात कोणी गेलं, मग बाळापूरकडे. कोणी म्हातारपणानं, कोणी दुखण्यानं, आणि कोणी कशानं ते अब्बा विचारू देत नसत. ज्या गावात बँड कधी वाजला ते गाव आपलं, आणि असं गाव नव्हतंच जिथं तो वाजला नव्हता. ते साल असं होतं की अब्बांच्या हिशेबानं नाचायला एकही तारीख मोकळी नव्हती.

शेवटी अरीबाचं डोकं फिरलं. काहीच टाकू देत नाही ना, मग हेच टाकते, अगदी पहिल्यापासून, असं म्हणून तिनं लिहिलं: 'आज बँड वाजणार नाही. पातूरचे खुशालराव गेले.' आणि तणतणत फोन अब्बांपुढं धरला.

अब्बांनी चष्मा लावून वाचलं. "फोटो लाव त्यायचा," म्हणाले. "फेट्यातला."

दुसऱ्या दिवशी एका अनोळखी माणसाचा फोन आला. तो रागात होता. आमच्या लग्नात तुमचाच बँड होता, मग आमच्या मायचं, माणिकबाईचं, काहून नाही टाकलं? अरीबानं माणिकबाईचं टाकलं. मग फोन थांबेनात. पेजवर माणसं लोटली; त्यांतला एकजण लग्नाचं नाव काढील तर शपथ. मुजम्मिल येता-जाता विचारी, हे बँडचं पेज हाय का स्मशानाचा बोर्ड? तोच प्रश्न अरीबालाही पडला होता. तुळशीचं लग्न तोंडावर आलं आणि एक सुपारी नव्हती.

सुपारीचा पहिला फोन खुशालरावांच्या मुलाचा, उत्तमरावांचा आला. बहिणीचं लग्न काढलं होतं. घरातलं कर्तं माणूस गेलं की ठरलेलं लग्न वर्षाच्या आत उरकायचं, नाहीतर तीन वर्षं थांबायचं, ही हिंदूंच्या घरची रीत अरीबाला ठाऊक होती. ती मार्केटिंगच्या कुठल्या धड्यात बसते, एवढंच तिला कोणी शिकवलं नव्हतं.

"डीजे नाही सांगितला तुमी?" तिनं न राहवून विचारलं.

"त्याले काय मालूम आमच्या घरी काय झालं," उत्तमराव म्हणाले. "तुमाले मालूम हाय. तुमी हळू वाजवसान."

मग माणिकबाईच्या घरून फोन आला, मग बाळापूरकडून. सगळे मयत झालेल्या त्याच घरांतले. तुळशीच्या लग्नापर्यंत हंगाम भरला. अरीबा जिंकली होती, आणि तिला जेवण जात नव्हतं. अब्बा तर तिच्याहून गोंधळले होते. यातलं काही त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं.

गोंधळला नव्हता तो मुजम्मिल. पितळ विकायचं त्यानं उदार मनानं रद्द केलं, खुर्ची ओढून अरीबाशेजारी बसला आणि म्हणाला, आता सगळं प्लॅनिंगनं करायचं.

"डिसेंबरचं कॅलेंडर आताच बनवून ठेव. किती मयती पकडू?"

अरीबानं लॅपटॉपवरचे हात मागे घेतले. मुजम्मिलला वाटलं, ऐकू गेलं नसावं.

"अंदाजानं सांग. मागच्या महिन्याइतक्या धरू का?"

"एकबी नको धरू," अरीबा म्हणाली.

"मंग टाकशीन काय?"

"काही नाही."

"अन् पेज पडलं तं?"

"पडू दे."

मुजम्मिलनं मदतीसाठी अब्बांकडे पाहिलं. अब्बा उठून लॅपटॉपशी आले. या कॅलेंडरकडे त्यांनी आजवर फक्त काय कापायचं ते शोधायला पाहिलं होतं. त्यांनी डिसेंबरच्या रिकाम्या चौकोनांवरून बोट फिरवत नेलं, एकतीस तारखेपर्यंत, कुठं काही लिहिलेलं राहून गेलं नाही ना हे बघत.

"आता बरोबर बनलं," ते म्हणाले. "जानेवारीचंबी असंच बनव, बेटा."