खळग्यातली द्राक्षं

वेंडेलिन गेला त्या आठवड्यात मोझेल नदीवर धुकं असं बसलं होतं, की पलीकडच्या तीरावर चर्च आहे हे फक्त घंटेवरून कळायचं. हंगाम आटोपत आला होता. वरच्या उतारावरची सगळी द्राक्षं तळघरात पोचली होती. वेंडेलिनने रस काढायचं यंत्र स्वच्छ धुतलं, हात पुसले आणि पायरीवर टेकला, तो उठलाच नाही. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं, त्याला काही कळलंही नसणार. हाइडरूनने मान हलवली. कुणी गाडीची वेळ सांगितल्यावर हलवतो तशी.

मातीच्या दिवशी सगळं गाव घरी आलं. कॉफी झाली, केक झाला. स्वयंपाकघरात बायका दबक्या आवाजात एकमेकींना विचारत होत्या, "रडली का गं ती?" हाइडरून त्यांच्या पाठीमागेच बश्या विसळत उभी होती. शेवटी हांबुर्गहून आलेल्या तिच्या लेकीने, फ्रांकाने, तिला बाजूला घेतलं.

"आई, जरा रड गं. बरं वाटेल."

"रडेन की," हाइडरून म्हणाली, आणि उरलेला केक कुणाकुणाकडे पाठवायचा ते बघायला लागली.

असं नव्हतं की तिचं नवऱ्यावर प्रेम नव्हतं. तीस वर्षं दोघं एकाच उतारावर राबली होती. तो वेली बघायचा आणि ती वाइन. कुठल्या पिंपातला रस कधी थांबवायचा हे तिच्या जिभेवर ठरायचं, आणि खोऱ्यातले लोक त्या जिभेला मान देत. पण आता पिंपाखाली पेला धरून घोट घेतला तरी तिला कळायचं ते एवढंच, की हे गोड आहे आणि हे आंबट आहे. पुढचं काही येतच नव्हतं. ते तिने कुणाला सांगितलं नाही. वेळापत्रकाप्रमाणे पिंपं हलवत राहिली.

घरात ती आणि सासरे आलोईस, दोघंच उरली. आलोईस ऐंशीच्या पुढचे. गुडघे कुरकुरत होते, पण आवाज अजून उताराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचा.

त्यांची जमीन दोन तऱ्हेची होती. एक वरचा उतार, दक्षिणेकडे तोंड केलेला, इतका उभा की चुकून पाय सुटला तर माणूस थेट रस्त्यावर. तिथे माती म्हणून नाहीच, सगळा पाटीच्या दगडाचा काळा चुरा. दिवसभर तो ऊन पितो आणि रात्रभर वेलींना देत राहतो. खालून नदी ऊन वर फेकते ते वेगळंच. म्हणून तर इतक्या उत्तरेला द्राक्ष पिकतं. नाहीतर इथे बटाटेच लावायचे.

दुसरा तुकडा खाली, जंगलातला ओढा जिथे उतरतो तिथला खळगा. तिथे दुपारनंतर ऊन नाही. पठारावरची थंड हवा पाण्यासारखी घरंगळत येते आणि त्या खळग्यात साचून राहते. साधी वाइन तिथे कधी धड झाली नाही. पण आलोईसच्या वडिलांनी तिथे मुद्दाम वेली लावल्या, त्या थंडीसाठीच. तिथली द्राक्षं हंगामात तोडायची नाहीत. जाळी बांधून वेलीवरच ठेवायची, आणि कडाक्याची थंडी पडून ती गोट्यांसारखी कडक झाली, की पहाटे तोडून तशीच दाबायची. पाण्याचा बर्फ यंत्रात राहतो, खाली उतरते मधासारखी दाट धार. ती बर्फाची वाइन. फ्रांका लहान असताना बहुतेक दर हिवाळ्यात जमायची. अलीकडे थंडी येते म्हणायची आणि येतच नाही.

यंदाही जाळी बांधलेली होती. वेंडेलिननेच बांधली होती, गेला त्याच्या आदल्या दिवशी.

डिसेंबर लागला आणि आलोईस रोज उजाडताना खळग्यात जायला लागले. तिथल्या खांबावर तापमापक होता. परत येऊन दारातच बूट आपटत सांगायचे, "शून्याच्या वर एक."

"बरं बाबा. कॉफी घ्या."

दुसऱ्या दिवशी, "उणे दोन."

"बरं. पाव भाजलाय."

उणे सात लागतं, या वाइनचा नियमच आहे तो. त्याच्या अलीकडे द्राक्ष गोठत नाही. शेजारचा कुनो कुंपणावर कोपरं टेकून रोज खोड काढायचा.

"आलोईसकाका, थंडी इटलीला गेलीय म्हणे सुट्टीवर. पत्ता मिळाला तर कळवतो."

"तुझी जीभ गोठली तरी चालेल मला. तेवढीच शांतता."

"माझी जीभ गोठायला उणे वीस लागतं, काका."

नाताळला फ्रांका आली. तिने खळगा बघितला आणि जेवताना सरळ विषय काढला. "आजोबा, निम्मी द्राक्षं काळी पडलीत. पक्षी जाळीतून चोची घालतायत. तोडून मोकळे का होत नाही?"

आलोईसनी काटा खाली ठेवला. "तुझ्या बापाने जाळी बांधलीय ती. त्याला ही वाइन करायची होती. हाताने केलेलं त्याचं शेवटचं काम ते. मी तोडू?"

फ्रांकाचे डोळे भरले. तिने आईकडे पाहिलं. हाइडरून सूप वाढत होती.

"आणखी कुणाला हवंय?" ती म्हणाली.

तिला माहीत होतं ते बाकी कुणालाच माहीत नव्हतं. त्या दिवशी यंत्र धुता धुता वेंडेलिन तिला म्हणाला होता, "हे शेवटचं वर्ष गं. त्या खळग्यात आता हिवाळा उतरत नाही. मी तर यंदाच तोडणार होतो. पण बाबा रोज जाळ्या काढून तपासत बसले होते, म्हटलं त्यांच्या समाधानासाठी बांधू. पुढच्या वर्षी उपटून टाकू."

"मग सांग त्यांना," ती म्हणाली होती.

"सांगतो की. घाई काय आहे?"

बाप मुलाच्या इच्छेखातर थांबला होता, आणि मुलाने जाळी बांधली होती ती बापाखातर. मधे ती. एक वाक्य बोलायचं, एवढंच काम होतं. दया म्हणून ती गप्प राहिली असंही नाही. ते वाक्य तिच्या आत कुठेतरी पडून होतं आणि ते उचलायला हात पुढे होत नव्हता. फ्रांका परत गेली. पाऊस सुरू झाला.

जानेवारीत रानडुकरं उतरली. जाळीचा एक कोपरा फाडून त्यांनी दोन ओळी साफ केल्या. आलोईस कुणाला न सांगता तार आणि पक्कड घेऊन गेले आणि चिखलात घसरून पडले. कुनोने त्यांना पाठीवर घालून घरी आणलं. हाड मोडलं नव्हतं, पण कंबर काळीनिळी झाली होती.

"म्हाताऱ्याचं वजन किती आहे माहितेय?" कुनो धापा टाकत म्हणाला. "आणि सगळी वाट मला सांगत होता, पाय कुठे टाकू!"

"कारण तू बैलासारखा चालत होतास," पलंगावरून आलोईस ओरडले.

हाइडरूनने गरम पाण्याची पिशवी दिली, पाठीखाली उशी लावली. त्या दोघांच्या बोलण्यावर आपण हसायला हवं होतं हे तिला कळत होतं. दुरून कळत होतं.

दुसऱ्या दिवसापासून तापमापक बघायला ती जायला लागली. जायची, आकडा वाचायची, येऊन सांगायची. खळग्यात उभं राहिल्यावर जाळीआडून गोडसर, कुजकट वास यायचा. सुकून मनुका झालेले घड, त्यांच्यावर करडी बुरशी. तिला त्यांचं वाईट वाटायचं नाही, की रागही यायचा नाही. ती आकडा वाचायची.

मग महिना संपता संपता आकाश निवळलं. पठारावरून कोरडा वारा आला. संध्याकाळी रेडिओने थंडी सांगितली तसे आलोईस काठी घेऊन उठून बसले. "लोकांना सांग. उद्या उजाडायच्या आत सगळे खळग्यात."

ती घरोघर जाऊन सांगून आली. पहाटे कुनो आला, त्याची बायको आली, चर्चमध्ये बाजा वाजवणारे दोघं भाऊ आले. बादल्या, कात्र्या, दोन दोन हातमोजे. लोक पाय आपटत उभे होते. पायाखाली गवत कडाकड मोडत होतं. आलोईस कुनोच्या खांद्यावर हात टाकून खाली उतरले, ते तोंडभर हसत होते. वेंडेलिन गेल्यापासून ते असे हसले नव्हते.

हाइडरूनने तापमापक पाहिला. उणे सहा, आणि काटा तिथेच. तिने हातमोजा काढून एक द्राक्ष तोडलं, बोटांत दाबलं. वरची साल कडक होती. आतून ते मऊ निघालं आणि रस तिच्या मनगटावरून बाहीत गेला. दुसरं दाबलं. तिसरं. सगळे तिच्याकडे बघत होते.

"नाही झालं," ती म्हणाली.

"थांबू या," आलोईस म्हणाले. "उजाडताना थंडी सगळ्यात जास्त असते."

थांबले. उजाडलं. पठाराच्या कडेवर ऊन आलं, आणि आकडा हलला तो वरच्या बाजूला.

"घ्या तोडून," आलोईस एकदम म्हणाले. "एका आकड्याने काय होतंय? कोण बघायला येतंय इथे?"

कुनोने टोपी मागे सरकवली. तो काहीच बोलला नाही, आणि कुनो बोलला नाही म्हणजे गोष्ट गंभीर होती.

"नाही बाबा," हाइडरून म्हणाली. मग लोकांकडे वळली. "घरी कॉफी ठेवलीय. सॉसेज आहेत. तुम्ही व्हा पुढे."

लोक बादल्या उचलून वर गेले. खाली दोघंच राहिली. आलोईसनी जाळी मुठीत धरली होती.

"वेंडेलिन असता ना," ते म्हणाले, "तर तो असा सोडून गेला नसता. त्याने माझ्या शब्दाला..."

"त्याला करायची नव्हती."

"काय?"

"ही वाइन. त्याला करायची नव्हती. तो तोडणार होता. तुमच्यासाठी जाळी बांधली त्याने. पुढच्या वर्षी वेली उपटायच्या म्हणाला."

तिने ते सरळ आवाजात सांगितलं, सकाळचा आकडा सांगावा तसं. आपण क्रूर बोलतोय का, असा विचार आला आणि तसाच निघून गेला.

"खोटं."

तिने काढलेला हातमोजा परत चढवला.

"खोटं बोलतेस तू. मला म्हणाला असता तो."

"म्हणणार होता. घाई काय आहे म्हणाला."

आलोईस बराच वेळ काठीच्या टोकाने गवत उकरत राहिले. नाकातून पाणी आलं ते त्यांनी बाहीने पुसलं. मग विचारलं, "कुठे म्हणाला?"

"तळघरात. यंत्र धुताना."

"रागावला होता?"

"नाही. हसत होता. तुम्ही जाळ्या तपासत बसला होतात त्यावर."

"भोकं होती त्यांत," आलोईस म्हणाले. "मला नीट तपासाव्या लागल्या." त्यांनी जाळीतली मूठ सोडली. पुन्हा तिच्याकडे पाहिलं तेव्हा चेहरा एकदम लहान दिसत होता. "कात्री दे."

"कशाला?"

"तोडू. जसं आहे तसं. कुजू कशाला द्यायचं?"

दोघांनी मिळून जाळी सोडवली. तिने गुडघ्यावर बसून खालचे घड घेतले, ते काठी बगलेत धरून वरचे. कुनो कॉफी पिऊन बघायला आला, पायऱ्यांवरूनच ओरडला, "अरे, ठरलं काय तुमचं?" मग त्याने खिशातून कात्री काढली आणि तिसरी ओळ धरली. दुपारपर्यंत काम उरकलं. चांगले घड थोडे, काळे फार. बर्फाची वाइन म्हणवण्यासारखं त्यात काही नव्हतं. हाइडरूनने निवडून, दाबून एका काचेच्या बरणीत रस भरला, तळघरात कोपऱ्यात ठेवला आणि वर येऊन आंघोळ केली.

मार्चमध्ये कुनोने ट्रॅक्टर आणून खळग्यातल्या वेली उपटल्या. साखळी ताणली की मूळ सुटताना जाड कापड फाटल्यासारखा आवाज यायचा. आलोईस खुर्ची टाकून शेवटपर्यंत बसले. शेवटची ओळ निघाल्यावर "मेंढ्या सोड तुझ्या इथे," एवढं म्हणून उठले. आता तिथे गवत आहे.

त्यांनी एक नवीन सुरू केलं होतं. दुपारचं जेवण ते करायला लागले होते. हाइडरून वरच्या उतारावर वेली वाकवून तारेला बांधत असायची, आणि खालून त्यांची हाक यायची, "सूनबाई, गार होतंय!" एके दिवशी किसलेल्या बटाट्याची धिरडी होती, एका बाजूने करपलेली. दोघं समोरासमोर बसली. खिडकी उघडी होती. नदीवरून मालाची होडी चालली होती.

"त्या दिवशी," आलोईस म्हणाले, "आणखी काही म्हणाला का तो?"

असं ते आठवड्यातून एकदा तरी विचारायचे. तिने आठवून पाहिलं.

"जेवायला काय आहे, विचारलं."

"काय होतं?"

"मसुराचं सूप."

"मग?"

"मग काही नाही. दुसऱ्या दिवशी ओतून दिलं."

आलोईसनी मान हलवली. आणखी एक धिरडं स्वतःच्या ताटात घेतलं, एक तिच्या ताटात ठेवलं. तिने ते खाल्लं. मग दोघं उठली, आणि ती उरलेल्या ओळी बांधायला वर गेली.