ताई-ची आणि यूनुसभाईंचे गुडघे

खांदा कॉलनीच्या बागेत ज्येष्ठांसाठी ताई-ची या संथ चिनी व्यायामाचा वर्ग सुरू झाला आणि यूनुसभाईंना फुकटची करमणूक मिळाली. त्यांची बायको नूरुन्निसा त्या वर्गाला जायची. संधिवाताने तिची बोटं वाकडी झाली होती, गुडघे सुजायचे. डॉक्टरांनी सांगितलं म्हणून ती जायची, आणि सोबत म्हणून आलेले यूनुसभाई बाकावर बसून टवाळी करायचे.

"हा व्यायाम?" ते शेजारच्याला म्हणायचे. "झोपेत चालल्यासारखे चालतात नुसते. मी कुवेतला उभी हयात क्रेनवर चढलो-उतरलो. घाम नाही तर व्यायाम कसला?"

शिकवणारी रुचिरा एकदा म्हणाली, "काका, तुम्हीही या ना."

"मला काय धाड भरलीय?"

खरं तर जिना चढताना त्यांचेही गुडघे करकरायचे. दोघंही नवराबायको नमाज खुर्चीवर बसूनच पढायचे. पण आपलं ते वय आणि नूरुन्निसाचा तो आजार, असा त्यांचा हिशेब होता. घरी जाताना ते भर रस्त्यात हात तरंगवून तिची नक्कल करायचे. ती पुढे चालत राहायची.

पावसाळा सरला. एका दुपारी यूनुसभाईंनी पाहिलं तर नूरुन्निसा जमिनीवर जानमाज, नमाजाची चटई, अंथरून उभी होती. ती सावकाश जमिनीला कपाळ टेकत सजद्यात गेली आणि पलंगाची कड न धरता तशीच सावकाश उठली. यूनुसभाई दारातच थबकले. नमाज संपल्यावर म्हणाले, "हे चार दिवसांचं कौतुक असतं."

"असू दे," ती म्हणाली.

हे त्यांना लागलं. दुसऱ्या दिवशी ती बाजारात गेल्यावर ते हॉलच्या मधोमध उभे राहिले. बाकावरून सगळं पाठ झालं होतं. ती जेवढी वाकते त्याच्या दुप्पट वाकून दाखवू, म्हणून ते थेट खाली गेले. गुडघ्यात कळ आली आणि ते मटकन जमिनीवर बसले. उठायचं काही जमेना.

नूरुन्निसा भाजी घेऊन आली तेव्हा ते जमिनीवरच सोफ्याला टेकून बसले होते.

"काय करत होतात?"

"रिमोट पडला होता."

रिमोट टीव्हीवर होता. तिने रिमोटकडे पाहिलं, पिशवी ठेवली आणि खुर्ची आणली. "इथे भार द्या. घाई नको. श्वास सोडा. आता उठा."

ते उठले. तेव्हा ती शांतपणे म्हणाली, "इतके महिने डोळे फाडून बघत होतात आणि दिसलं काहीच नाही. दुखेल इतकं वाकायचं नाही, हे रुचिरा रोज सांगते. पण तुम्ही हसण्यात गुंग." आणि भाजी घेऊन आत गेली.

गुडघ्याची सूज उतरल्यावर डॉक्टरांनी त्यांनाही वर्गात धाडलं. रुचिराने प्लास्टिकची खुर्ची मांडली.

"बसून करायचं?"

"सुरुवातीला बसूनच, काका."

यूनुसभाई बसले. बाकावरचा जुना सोबती त्यांच्याकडे टक लावून बघत होता. त्यांनी तोंड वाकडं करून हात उचलले, जमेल तेवढे. वर्ग सुटल्यावर ते नूरुन्निसाला म्हणाले, "याने काही व्हायचं नाही."

"मग उद्या येऊ नका," ती चपला घालत म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते तिच्या आधी तयार होऊन दारात उभे होते आणि तिला उशीर होतोय म्हणून कुरकुरत होते.