सुटी पट्टी

फोटोतल्या नवरीच्या गालावरचा डाग पुसायला तेजस्विनीनं पेन टेकवलं आणि लेयरची, म्हणजे फोटोच्या थरांची, पट्टी पुन्हा पेनासोबत ओढली गेली. पडद्याच्या कडेची ती पट्टी थेट नवरीच्या हळदीनं माखलेल्या चेहऱ्यावर येऊन बसली. तेजस्विनीनं ती ओढून जागी नेली, तर शेजारची रंगांची सुटली.

तिनं पेन ठेवलं. उजव्या हाताची मूठ दोनदा वळली, उघडली.

झोळीत पाच महिन्यांची लेक झोपली होती. ती उठायच्या आत अल्बमातली हळदीची चार पानं व्हायला हवी होती. मागचा अल्बम परत पाठवताना स्टुडिओवाल्या संतोषदादांनी लिहिलं होतं, 'हात पूर्वीसारखा चालत नाही का गं? घोटीच्या हळदीचा हा अल्बम पाचपर्यंत आला नाही, तर पुढचे दुसऱ्या कुणाला तरी द्यावे लागतील.'

स्टुडिओत ती माउसवर काम करायची. हे पेन आलं बाळंतपणानंतर, घरून काम सुरू केलं तेव्हा. बोटांना मुंग्याही तेव्हापासूनच. हात गेला आपला, असं तिनं मनाशी धरलं होतं. कुणाला बोलली नव्हती. फोनमध्ये मात्र एक निरोप लिहून तयार होता: 'दादा, मला आता जमणार नाही.'

"मघापासून काय हाकलती गं? माशी शिरली का आत?" सायखेड्याहून नातीसाठी येऊन राहिलेल्या सासूबाई, कुसाबाई, मेथी निवडता निवडता म्हणाल्या.

"माशी नाही हो आई. ही पट्टी. पेन जरा लागलं की जागची हलते."

"मंग बांध की तिला."

"आता ही कशी बांधू?"

"आपण द्राक्षाच्या बागेत येलाची काडी मोकळी सोडतो का? जरा अंग लागलं का मोडती. तारंला बांधली म्हंजी बिनघोर हात घालायचा. तुझ्या त्या डब्यात सुतळी नाय व्हय?"

तेजस्विनीला हसू आलं. कॉम्प्युटरमध्ये कसली सुतळी, असं म्हणायला तिनं तोंड उघडलं आणि तशीच थांबली. मग वरचा विंडो मेन्यू उघडला. त्यात वर्कस्पेस. त्यात अगदी खाली, लॉक वर्कस्पेस.

टिचकी मारली. पेननं पट्टी मुद्दाम ओढली. हलली नाही. पुन्हा ओढली, जरा रागानंच. ढिम्म.

"आई, होती सुतळी."

"आसंलच की," कुसाबाई जुडी झटकत म्हणाल्या.

मग हात चालत राहिला. डाग गेले, हळद तेवढी राहिली. साडेचारला पानं गेली आणि थोड्या वेळानं उत्तर आलं: 'हा तुझा हात. लग्नाचे फोटो पाठवतो, घेशील ना?'

लेक उठली. मांडीवर घेताच तिनं पेन हिसकावलं आणि पडद्यावर धसाधस घासलं. एकही पट्टी जागची हलली नाही. तेजस्विनीनं तिच्या टाळूवर हनुवटी टेकवली, फोन उघडला आणि तो लिहून ठेवलेला निरोप पुसून टाकला.

कुसाबाई तेलाची वाटी घेऊन शेजारी टेकल्या.

"आण पोरीला, तेल लावते," त्या म्हणाल्या. "पण आधी तुझा हात दे. झोपंत चोळीत बसती रोज. दिसतं मला."

 लेकीला डाव्या हातावर घेऊन तेजस्विनीनं उजवा पुढे केला.