खो देण्याआधी वाजणारी शिट्टी

मित्रांनो, मी एक जुनी पितळी शिट्टी आहे आणि गप्प बसणं मला अजून जमत नाही. माझ्या पोटात एक मणी आहे. जरा हललं तरी तो खडखडतो.

शिरूरच्या दुकानातून सुरेखा मॅडमनी मला आणलं, लाल दोरीत ओवलं आणि निमोणे गावच्या मुलींना खो-खो शिकवायला घेतलं. मॅडमचा स्वभाव काळजीचा. कुणी धडपडेल, कुणी चुकेल, म्हणून सगळीकडं नजर. धावणाऱ्या मुलीनं बसलेल्या मैत्रिणीला खो कधी द्यायचा, हेसुद्धा त्याच ठरवत आणि मला फुंकत. मी वाजले की खो. "निमोण्याच्या पोरी म्हंजी मशीन हाय," असं लोक म्हणत, आणि मी मॅडमच्या गळ्यात रुबाबात झुलत असे.

दौंडच्या स्पर्धेत मात्र शिट्टी फक्त पंचांची. राहू गावच्या संघामागं आमची आसिया धावत होती. खो द्यायची वेळ आली, तरी ती मॅडमच्या तोंडाकडंच बघत राहिली. शेवटी तिनं एकीला बाद केलं. पंचांनी शिट्टी दिली आणि ती ऐकताच आसियानं सवयीनं जवळच्या मुलीला खो देऊन टाकला, तोही समोरून. खो पाठीमागून द्यायचा असतो. फाऊल! इतर मुलींचंही तसंच झालं. आम्ही हरलो.

परतताना आसियाची आई खुर्शिद म्हणाली, "मॅडम, राग मानू नका. ही घरी बी इचारल्याबिगर काय करत न्हाई. दूध उतू चाललं तरी म्हणती, अम्मी, गॅस बंद करू का?"

मुली हसल्या. मॅडम हसल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी गळ्यातून मुठीत आले.

"मॅडम, शिट्टी इसरली व्हय?" संघातल्या सारिकानं विचारलं.

"नाही गं. खो कधी द्यायचा, ते आता तुम्हीच ठरवायचं."

"आन् चुकलं तर?"

"तर का चुकलं, ते मला सांगायचं."

मग काय गोंधळ! दोघी एकदम उठायच्या, एकमेकींवर आदळायच्या. मॅडमचा हात मला ओठांपर्यंत न्यायचा आणि परत खाली यायचा. त्या अस्वस्थ, मी त्यांच्याहून. एकदा सारिकाचा गुडघा फुटला, तेव्हा मात्र मॅडमनी मला जोरात फुंकलं. सगळ्या जागच्या जागी थांबल्या. तेवढ्यापुरतीच मी, असं मॅडमनी तेव्हा ठरवलं.

पुढच्या स्पर्धेत पुन्हा राहूचाच संघ. शेवटचं मिनिट, जिंकायला एक गडी बाद करायचा होता. "दे खो, दे," मॅडम पुटपुटत होत्या. आसियानं दिला नाही. आणखी दोघींना ओलांडून तिनं सारिकाला खो दिला, आणि सारिकानं उठताच गडी टिपला.

मॅडम म्हणाल्या, "मी असते तर आधीच दिला असता."

"मग ती निसटली असती, मॅडम," आसिया धापा टाकत म्हणाली. "ती वळायच्याच बेतात व्हती."

मॅडमनी मूठ उघडली, तर तळहातावर माझा लालभडक ठसा उठला होता.

मित्रांनो, माझं पितळ हिरवं पडू देऊ नका, कोरडी पुसून हाताशी ठेवा. कुणी पडलं तर मला लगेच वाजवा. बाकीच्या वेळी माझा मणी कितीही खडखडला, तरी मूठ मिटलेलीच असू द्या.