बिनकाठीचं घराणं

आमच्या घरात तीन पिढ्या पाट्या रंगवतात आणि तीन पिढ्या बढाया मारतात. पहिलं पोटासाठी, दुसरं हौसेनं. सगळ्यात मोठी बढाई काठीची. पाटीवर अक्षरं काढणारे लोक एक काठी वापरतात. तिच्या टोकाला कापडाचं बोंड असतं. ते पाटीवर टेकवायचं, काठीवर मनगट ठेवायचं, म्हणजे हात हलत नाही. साधी गोष्ट. पण आमच्याकडे ती चालत नाही. आमचे हे म्हणतात, "काठी म्हाताऱ्यांना. आपल्या घराण्यात रेघ अधांतरी निघते." सासरेही हेच म्हणायचे. लग्न होऊन आले तेव्हा हे ऐकून मला भरून आलं होतं. त्या वयात कशानंही भरून येतं.

आमची मुलगी मुंगी याच घराण्यातली. लहानपणी सरसर शिडी चढायची म्हणून मुंगी. आता केसांत पांढरं दिसायला लागलं तरी गल्ली तिला मुंगीच म्हणते. तिचा हात बापापेक्षा चांगला आहे. हे बापाला मान्य आहे, पण तो बोलून दाखवत नाही.

मुंगीला मनाचा आजार आहे. उगाच आडपडदा कशाला? डॉक्टरीणबाईंनी त्याला लांबलचक नाव दिलंय, आम्ही घरात भरती-ओहोटी म्हणतो. भरती आली की झोप नाही, भूक नाही, तोंडाची टकळी बंद होत नाही. ओहोटी लागली की उशीवरून डोकं उचलवत नाही. गोळ्यांनी दोन्ही आटोक्यात राहतं.

मागे एकदा "आता मी ठणठणीत आहे" म्हणून तिनं गोळ्या सोडल्या. एका सकाळी लोक दुकानं उघडायला आले, तर सगळ्या शटरांवर चित्रं! न्हाव्याच्या शटरवर केस विंचरून बसलेला सिंह. कुलुपवाल्याच्या शटरवर किल्ल्यांचा जुडगा मिरवणारा खेकडा. बेकरीवाल्याच्या शटरवर भलामोठा देवमासा, आणि त्याला चेहरा बेकरीवाल्याचा, मिशांसकट. बेकरीवाला आधी लालबुंद झाला, मग आत आरशात बघून आला आणि म्हणाला, "मिशी मात्र जमलीय." देवमासा अजून तिथेच आहे.

गल्लीला ती गंमत आठवते. मला त्यानंतरची ओहोटी आठवते. पोर भिंतीकडे तोंड करून पडलेली असायची. मी तिचे केस विंचरायचे आणि ती म्हणायची, "कशाला, आई?" त्या "कशाला"ला मी अजून घाबरते.

गोळ्या परत सुरू झाल्या, मुंगी उठली, कामाला लागली. पण गोळ्यांनी तिचा हात थरथरायला लागला. फार नाही, चहाच्या कपात बारीक तरंग उठावेत एवढाच. दुसरं काही काम असतं तर कुणाच्या लक्षातही आलं नसतं.

अशात बेकरीवाल्यानं दुकानावर नवीन नाव रंगवायला सांगितलं. या टोकापासून त्या टोकापर्यंत मोठाली अक्षरं आणि खाली एकच लांब रेघ. सुरुवातीला बोटभर जाड, शेवटी केसाएवढी. "आणि मुंगीच काढणार," तो म्हणाला. "देवमासेवालीच पाहिजे."

त्याच दिवशी मुंगी स्वयंपाकघरात आली. मी भांडी पुसत होते.

"आई, हे काम होईपर्यंत गोळ्या थांबवू?"

विचारलं, हे तिचं चांगलं. मागच्या वेळी विचारलं नव्हतं. मी पुसलेलीच ताटली पुन्हा पुसत राहिले.

"रेघ एका दमात काढावी लागते," ती म्हणाली. "हा हात घेऊन नाही निघणार. आणि नुसता हात नाही गं. पूर्वी पिवळ्याचा डबा उघडला की पिवळा माझ्याशी बोलायचा. आता पिवळा नुसता पिवळा असतो."

मी जन्मभर पिवळ्याचे ब्रश धुतले, माझ्याशी तो एकदाही बोलला नाही. पण तिचं काहीतरी गेलं होतं आणि ते गोळीनंच नेलं होतं, हे मला दिसत होतं. तिला खोटं कसं सांगू?

"डॉक्टरीणबाईंना सांगितलंस हे?"

"त्यांना कसं सांगणार?"

"का?"

"त्यांच्या दवाखान्याची पाटी मीच रंगवलीय ना!"

मग हळूहळू बाहेर आलं. आमच्या मुंगीबाई तपासून घ्यायला जायच्या त्या दोन्ही हात पर्समध्ये खुपसून बसायच्या. गिऱ्हाइकाला थरथरता हात दाखवला तर धंद्याची अब्रू जाईल म्हणे. म्हणजे जिच्याकडे दुखणं दाखवायला जायचं, तिच्यापासूनच ते लपवायचं! ही अक्कल बापाकडून आलेली.

बाप बाहेरच्या खोलीतून ऐकतच होता. "एका रेघेपुरत्या थांबवल्या तर काय आभाळ कोसळणार आहे?"

"तुम्ही गप्प बसा," मी म्हटलं. "केस तुम्ही विंचरले नव्हते."

खरं सांगायचं तर त्या ओहोटीत ते दिवसदिवस तिच्या दाराबाहेर स्टुलावर बसून असायचे. पण ही काही त्याची आठवण काढायची वेळ नव्हती.

मुंगीला म्हटलं, "तू मोठी बाई आहेस. मी काही तुझ्या तोंडात गोळी कोंबणार नाही. पण मला विचारतेस तर सांगते, नको थांबवू."

"बघते," ती म्हणाली. हा "बघते" शब्द ज्यानं काढला, त्याला आई नसणार.

अक्षरं निघाली. ती तुकड्यातुकड्यानं काढता येतात, थरथर त्यात खपून जाते. रेघेच्या दिवशी सकाळी मुंगीनं गोळी डबीतून काढली, तिच्याकडे बघितलं आणि ॲप्रनच्या खिशात टाकली. मी बघितलं. मी बघितलं हे तिनंही बघितलं.

बेकरीसमोर दोन शिड्यांवर फळी टाकली होती. एक शिडी खांबाला बांधलेली, दुसरी नेहमीप्रमाणे माझ्या हातात. मुंगी खाली ब्रश निवडत होती. एक उचलायची, ठेवायची, पुन्हा तोच उचलायची. आणि आमचे हे बेकरीवाल्याला घराण्याची कीर्ती ऐकवत होते.

"आमच्यात कुणी कधी आधार घेतला नाही. ना काठीचा, ना कशाचा."

"ना कशाचा" म्हणताना त्यांनी मुंगीकडे बघितलं. मुंगीचा हात खिशाकडे गेला होता, तो तिथेच थांबला.

"थांब, सुरुवात कशी करायची ते दाखवतो," असं म्हणून ते माझ्या शिडीवरून फळीवर चढले. ब्रश उचलला. मान तिरकी केली. गल्ली बघतेय ना, याची खात्री करून घेतली.

मी शिडी सोडली.

शिडी करकरली, फळी डुलली, आणि घराण्याचा हात हवेत भोपळे काढायला लागला. "अगं धर! धर! पडतोय मी!"

"का हो?" मी कमरेवर हात ठेवून विचारलं. "तुम्हाला आधार लागत नाही ना? मग इतकी वर्षं मी खाली काय हवा खायला उभी होते?"

"अगं, आधी धर, मग बोल!"

धरली. रेघेपायी विधवा व्हायची माझी तयारी नव्हती.

तेवढ्यात मागून हसू ऐकू आलं. मुंगी बेकरीच्या पायरीवर बसून हसत होती, पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मी दचकून तिच्याकडे निरखून बघितलं. आमच्या घरात कुणी पोटभर हसलं तरी आधी भरती तर नाही ना, हे बघावं लागतं. भरती नव्हती. नुसतं हसू होतं. किती दिवसांनी.

डोळे पुसून तिनं खिशातून गोळी काढली, बेकरीवाल्याकडून पाण्याचा पेला घेतला आणि गिळली. मग म्हणाली, "काका, एखादी काठी आहे का हो?"

त्यानं भट्टीतून पाव काढायचं लांब दांड्याचं लाकडी फावडं आणलं. आमचे हे फळीवरून खाली आल्यावर मी गळ्यातला रुमाल सोडला, दांड्याच्या टोकाला त्याचं बोंड बांधलं आणि पुन्हा शिडी धरली. यांनी बोलायला तोंड उघडलं, शिडीवरच्या माझ्या हातांकडे बघितलं आणि मिटलं.

मुंगी चढली. मनगट दांड्यावर टेकवलं. सुरुवात जाड, मग बारीक, मग आणखी बारीक. अगदी शेवटी, जिथे रेघ केसाएवढी होते, तिथे ती जराशी थरथरली. मुंगीनं वरून खाली बघितलं.

"राहू दे," बेकरीवाला म्हणाला. "ताज्या पावातून वाफ निघतेय असं दिसतंय."

पुढच्या तपासणीला मीही बरोबर गेले. मुंगीनं पर्स माझ्या मांडीवर ठेवली आणि दोन्ही हात टेबलावर पसरले. "हे असं होतं."

"कधीपासून?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"बरेच दिवस."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही आमच्या गिऱ्हाईक ना."

बाईंना हसू आवरेना, चष्मा काढून पुसावा लागला. मग मात्र त्या नीट बोलल्या. रक्त तपासू, गोळी कमी-जास्त करता येते का बघू, थरथरीवरही उपाय असतात. पिवळ्याचंही त्यांनी सगळं ऐकून घेतलं, हसल्या नाहीत. "तो परत येईल असं वचन नाही देत," त्या म्हणाल्या. "पण आपल्या मनानं गोळी सोडायची नाही. भांडायचं असेल तर इथे येऊन भांडायचं."

"भांडीन," मुंगी म्हणाली. आणि भांडतेही. कधी घरी येऊन म्हणते, "सोडून द्याव्यात वाटतं गं." मी म्हणते, "वाटणारच. जा, बाईंशी भांडून ये." थरथर कमी झालीय, गेलेली नाही. पिवळा अजून गप्पच आहे. परवा म्हणाली, केशरी काहीतरी पुटपुटल्यासारखा वाटला. मी लगेच रात्री झोपलीस का ते विचारलं. झोपली होती, छान घोरत.

काठी आता तिची स्वतःची आहे, बोंड माझ्याच रुमालाचं. आणि आता शिडी आमचे हे धरतात. मी बेकरीवाल्याच्या खुर्चीत बसून गरम पाव खाते आणि सूचना देते. पहिल्याच दिवशी त्यांचे खांदे भरून आले. कुरकुरत म्हणाले, "इतकी वर्षं कशी गं धरलीस तू?"

"वर तुम्ही होतात म्हणून," मी म्हटलं.

त्यांनी वर मुंगीकडे बघितलं आणि शिडी आणखी घट्ट धरली.