सोळा कोरांची तक्रार

आयुष्यात मी एकच लेखी तक्रार केली आणि ती माझ्याच विरुद्ध निघाली. तक्रार चांगली झणझणीत होती. तीनदा वाचून, दोन शब्द आणखी तिखट करून मगच मी ती पाठवली होती.

ही गोष्ट २०१४च्या श्रावणातली. मी पनवेलच्या एका कॉलेजात संशोधन करत होते. विषय एकच, भरतीचं पाणी खाडीकाठच्या बांधांवर किती चढतं. विषय शोधायला मला लांब जावं लागलं नाही, कारण आमचं गावच खाडीकाठचं. गावाची सगळी भातशेती एका मातीच्या बांधाच्या आड आहे. बांध फुटून खारं पाणी आत आलं की त्या जमिनीत तीन वर्षं धड काही पिकत नाही. तेव्हा भात कंबरेएवढा झाला होता आणि सोमवारच्या अमावास्येनंतर मंगळवारी दुपारी वर्षातलं मोठं उधाण येणार होतं.

बांधाच्या दोन जागा नाजूक होत्या. एक जुनी उघाडी, म्हणजे शेतातलं पाणी खाडीत सोडायचं बांधातलं दार. तिथे नऊ वर्षांपूर्वी बांध फुटला होता. दुसरी जागा खाडीच्या वळणावर. चिकणमाती होती एकाच जागेपुरती आणि अख्खं गाव कामाला मोकळं होतं ते फक्त रविवारी. कुठली जागा उंच करायची ते शनिवारी चार वाजता देवळात गावकीच्या बैठकीत ठरणार होतं. बांधाचं काम बघणारे माझे बाबा, महादेव. त्यांचं मनाशी ठरून गेलं होतं की जुनी उघाडीच.

मला वळणाची भीती वाटत होती. खाडीच्या पलीकडे नुकताच मोठा भराव पडला होता. पाण्याची वाट अरुंद झाली की ते कुठेतरी उसळणार, आणि माझ्या मते ते वळणावर उसळणार होतं. पण 'माझ्या मते' घेऊन गावकीत उभं राहता येत नाही. त्यात मी मुलगी. आमच्या गावकीत बायका बोलत नाहीत, चहा देतात. मला आकडा हवा होता, वीत नि बोटांत सांगता येईल असा.

आकडा काढायला माझ्या जुनाट लॅपटॉपला बारा दिवस लागले असते. म्हणून मी क्लाउडकडे वळले. सहा कॉलेजांनी मिळून एक सामायिक सोय घेतली होती. कुठेतरी दूर मोठ्या कॉम्प्युटरांच्या रांगा होत्या आणि त्यातला एक तुकडा आपल्याला स्वतंत्र मशीनसारखा वापरता यायचा. एक फॉर्म भरायचा, त्यात मशीनचा आकार निवडायचा. लहान म्हणजे एक कोर, दोन जीबी मेमरी. मध्यम, दोन कोर, आठ जीबी. मोठं, चार कोर, सोळा जीबी. आणि शेवटी अतिमोठं, सोळा कोर, चौसष्ट जीबी. कोर म्हणजे काम करणारे हात आणि मेमरी म्हणजे काम पसरायला जागा, एवढं समजलं की पुरे.

बैठकीच्या आदल्या शनिवारी सकाळी मी घरी फॉर्म उघडून बसले होते. बाबा मागे चहा पीत उभे होते. "काय मांगतेस?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं.

"मंग मोठ्यात मोठं मांग. लागतंय त्याच्या आठपट मांग," बाबा म्हणाले. "जमिनी गेल्या तवा साडेबारा टक्के परत आलं. आठातलं एक. कागदावर मांगताना कमी मांगायचं नाय."

हसू नका. आमच्याकडे हा विनोद नाही, हे शिक्षण आहे. सरकारने नव्या शहरासाठी आठ एकर घेतले की एक एकराएवढं हाती येतं, हा हिशेब आमच्या पिढीने पाळण्यात ऐकलाय. मला दोनच कोर लागतील असा माझा अंदाज होता. दोन आठे सोळा. मी 'अतिमोठं'वर बोट ठेवलं.

दोन मिनिटांत मशीन हजर! पूर्ण सोळा कोर. कुणी कापलं नाही, छाटलं नाही, सहीला बोलावलं नाही. मी घरभर नाचले.

फक्त एक अडचण होती. खाडीच्या तोंडाशी समुद्रातून किती पाणी आत येणार हा हिशेब माझा नव्हता, प्रणितचा होता. प्रणित उरणच्या कोळीवाड्यातला, माझ्याच वर्षाचा, दुसऱ्या कॉलेजात संशोधन करणारा. त्याची फाईल आल्याशिवाय माझं गणित सुरूच होणार नव्हतं. सोमवारी देतो म्हणाला होता. सोमवार गेला, मंगळवार गेला. माझं सोळा कोरांचं मशीन नटूनथटून बसलं होतं.

बुधवारी मी फोनवर त्याच्यावर घसरले. "तुला काही लाज आहे का रे? शनिवारी बैठक आहे माझी!"

"मी काय करू, रोशनी?" तोही वैतागला होता. "मला मशीनच मिळत नाहीये. चार कोर मागितलेत, पाच दिवस रांगेत आहे. कुणीतरी सोळा कोर अडवून बसलंय म्हणतात. सहा कॉलेजांना मिळून वीस कोर, त्यातले सोळा एकट्याकडे, उरलेल्या चारांत बाकी सगळे. काय माणसं असतात!"

"कोण आहे तो गाढव?" मी ओरडले. आणि खरं सांगते, तेव्हाही माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. क्लाउड म्हणजे ढग. तो कुणाला पुरत नसेल असं माझ्या मनातच आलं नव्हतं. माझे सोळा कोर माझ्या फॉर्मवर मिळालेले, आणि तो गाढव कुणी वेगळा.

गुरुवारी सकाळी मी ती तक्रार लिहिली. 'एक बेजबाबदार व्यक्ती सार्वजनिक साधनं अडवून बसली आहे. अशा व्यक्तीला सामायिक म्हणजे काय हे शिकवण्याची गरज आहे. तिचं मशीन ताबडतोब काढून घ्यावं.' ती क्लाउडचं काम बघणाऱ्या दिपिका मॅडमना गेली. पंधरा मिनिटांत उत्तर आलं, दोन ओळींचं.

'सदर मशीन आपल्याच नावे आहे. गेल्या पाच दिवसांतला वापर शून्य. काढून घेऊ का?'

कानाच्या पाळ्या गरम होणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. मी माझ्याच फाईलची वाट अडवून बसले होते आणि वर प्रणितचीच लाज काढत होते. मी आधी मॅडमना फोन लावला. माफी मागायला तोंड उघडलं तर त्याच हसत होत्या.

"अगं, इतकी सुंदर तक्रार मला आजवर कुणी पाठवली नव्हती," त्या म्हणाल्या. "पण आता पटकन मशीन सोड. डेटा बाजूला काढून घे आणि सोड."

मी सोडलं. अकरा वाजून वीस मिनिटांनी प्रणितचं मशीन सुरू झालं. मी फोन करून त्याला तो गाढव कोण ते सांगितलं. तो इतका हसला की मागून त्याच्या आईने 'काय झाला र?' म्हणून विचारलं. "उद्या सकाळी फाईल देतो," तो म्हणाला, "पण तू तोवर ठरव, तुला नक्की किती लागतं."

शरमेच्या भरात माणूस दुसऱ्या टोकाला जातो. मी सगळ्यात लहान मशीन घेतलं, एक कोर, दोन जीबी. बघा, मी किती साधी! गेल्या वर्षीच्या भरतीवर गणित चालवून पाहिलं. चाळीस मिनिटांनी मेमरी संपली आणि ते मेलं. परत चालवलं, परत मेलं. दुपारचे दोन वाजले.

मी पुन्हा मॅडमना फोन केला. "आता मोठं मागू का?" मी विचारलं.

"मागू नकोस, मोज," त्या म्हणाल्या. "अर्धा तास मी तुला मोठं मशीन देते. भरतीचा एकच दिवस चालव आणि बघत बस, जास्तीत जास्त किती मेमरी खातं, किती कोर हलतात. मग बोल."

मी बघत बसले. मेमरी चढत चढत साडेपाच जीबीवर थांबली. आणि कोर? चारांतला एकच राबत होता, बाकीचे तीन रिकामे. माझा प्रोग्राम एका वेळी एकच काम करणाऱ्यातला होता, त्याला सोळा दिले काय नि साठ दिले काय. म्हणजे मला हात जास्त नको होते, जागा हवी होती. मध्यम मशीन, आठ जीबी. पाच दिवस जे मी बाबांच्या आणि स्वतःच्या अंदाजावर सोडलं होतं ते अर्ध्या तासात डोळ्यांसमोर आलं! मला इतका आनंद झाला की मी लॅबमधल्या शिपायाला, विठूमामांना, पदरचा वडापाव खिलवला. त्यांना कारण विचारायचीही सवड दिली नाही.

शुक्रवारी नऊला प्रणितची फाईल आली. सव्वानऊला माझं गणित सुरू झालं. शनिवारी अकरा वाजून दहा मिनिटांनी ते संपलं. मी आकडे वाचले, परत वाचले, आणि रिक्षाला हात केला.

देवळात साठेक माणसं होती. बाबांचं उघाडीबद्दल बोलून झालं होतं. मी उभी राहिले तसा चहाचा ट्रे कुणीतरी माझ्या हातात द्यायला लागलं. मी तो खाली ठेवला.

"मंगळवारी दुपारी बारा पन्नासला पाणी सगळ्यात वर असेल," मी म्हणाले. "जुन्या उघाडीशी ते बांधाच्या हातभर खाली राहील. वळणावर बांधाच्या वीतभर वरून जाईल. वळण दीड वीत उंच केलं तर पाच बोटं शिल्लक राहतात."

काशीराम काका ताडकन उठले. नऊ वर्षांपूर्वी त्यांचं शेत गेलं होतं आणि उघाडीमागची पहिली शेतं त्यांचीच. "तुज्या त्या मशीनीनं कवा बगली खाडी? उघाडी फुटली तं माझं भात तू देशील काय?"

तेव्हा मागून जनीआते बोलली. बाबांची बहीण, शेत वळणापाशी. "पोरगी खोटं नाय बोलत. औंदा वळणाशी पानी बांधाला घासून जातंय. गेल्या पुनवेला मी सोता बगलंय." बायकांच्या बाजूने दोन आवाज एका बैठकीत, हे गावकीला नवीनच होतं.

बाबा माझ्याकडे वळले. मग त्यांनी विचारलं, "दीड वीत ना? पक्की?"

"पक्की," मी म्हणाले.

"ट्रॅक्टर वळणावर न्या," बाबा म्हणाले.

रविवारी साठ माणसांनी चिखल तुडवला, पेंढा घातला, आणि वळणाचा बांध दीड वीत उंच झाला. जुन्या उघाडीला कुणी ओंजळभर माती लावली नाही. माझं चुकलं असतं तर काकांचं शेत माझ्या बोलण्याने गेलं असतं.

मंगळवारी अकरापासून सगळे वळणावर जमले. काशीराम काका एकटे उघाडीवर जाऊन उभे राहिले. पाणी चढत होतं, गढूळ आणि मुकाट. जुन्या बांधाची रेघ बुडाली. ते नव्या मातीला लागलं. बारा पंचवीसला वरून फक्त आठ बोटं उरली आणि पाणी चढतच होतं.

"गोनी आना! उघाडीकडं जादाच्या पडल्यात, त्या उचला!" कुणीतरी ओरडलं आणि माणसं धावायला निघाली. बांध फुटला तेव्हापासून उघाडीवर रचलेल्या त्या मातीच्या गोण्या काढल्या असत्या तर तिथलं होतं नव्हतं ते बळ गेलं असतं.

"नको!" मी किंचाळले. "अजून पंचवीस मिनिटं चढेल. तीन बोटं. मग थांबेल. बसा सगळे."

निघालेले थांबले, पण बसलं कुणी नाही. सगळ्यांनी बाबांकडे पाहिलं. बाबांनी माझ्याकडे पाहिलं आणि त्या ओल्या मातीवर सरळ मांडी घालून बसले. मग जनीआते बसली. मग एकेक करत सगळं गाव बांधावर बसलं.

सात बोटं. सहा. पाच. बाबांनी बोटं लावून पाहिली आणि ती तशीच धरून ठेवली. पाचच राहिली. त्यांच्या खिशातला फोन वाजला, तो त्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल असा धरला.

"हातभर खाली हाय र पानी!" काशीराम काका पलीकडून ओरडत होते. "पोरगी बोलली तेवढंच! हातभर!"

मी रडत होते आणि हसत होते. पाण्यावर तरंगणारा पेंढा हळूहळू फिरला आणि खाडीच्या तोंडाकडे जायला लागला, ओहोटी लागली होती. तरी कुणी जागचं उठलं नाही. साठ माणसं चिखलात बसून होती आणि बाबा वर मान करून माझ्याकडे बघत होते.

"काय गो," त्यांनी विचारलं, "आता उठू काय आमी?"

"उठा," मी म्हणाले.